नव्या गाडीचं तिसरं जॉबकार्ड

कराडच्या एका गृहस्थांनी चार पानी प्रश्न पाठवलाय. त्याचा गोषवारा असा. साडेचार महिन्यांपूर्वी त्यांनी साताऱ्याच्या शोरूममधून पेट्रोलवरची मॅन्युअल गाडी घेतली, ऑन-रोड अकरा लाखांच्या आसपास. नोकरी साताऱ्यात, बँकेत, त्यामुळे रोज कराड-सातारा-कराड, आणि मीटरवर आत्ताच साडेदहा हजार किलोमीटर. दुसऱ्या महिन्यापासून गाडी चांगली गरम झाली, उंब्रज मागं पडलं, की सत्तर-ऐंशीच्या वेगात मध्येच ओढ सोडते आणि झटके देते. दोनदा तर हायवेवर इंजिनच बंद पडलं. इंजिनाचा पिवळा दिवा लागतो आणि पुढं कधीतरी आपोआप जातो. तीनदा वर्कशॉपला नेली. पहिल्यांदा ‘सॉफ्टवेअर अपडेट’ झालं, दुसऱ्यांदा थ्रॉटल बॉडी (इंजिनाला जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) साफ झाली, तिसऱ्यांदा ‘टेस्ट ड्राइव्ह घेतली, दोष आढळला नाही’ असं सांगून धुऊन-पुसून चकाचक परत दिली. आता त्यांचं विचारणं असं: गाडी बदलून मिळेल का? ग्राहक न्यायालयात जाऊ का? तोवर हप्ते थांबवू का? आणि मेहुणा दसऱ्याला गाडी घेतोय, त्याला काय सांगू?

मी सांगलीचा. चौदा वर्षं वर्कशॉपमध्ये काढली, त्यातली शेवटची पाच वर्क्स मॅनेजर म्हणून. त्यानंतर विम्याचा सर्व्हेअर झालो, आणि अधूनमधून ग्राहक आयोगापुढं (लोक ज्याला ग्राहक न्यायालय म्हणतात) तज्ज्ञ म्हणून अहवाल देतो. म्हणजे ‘दोष आढळला नाही’ हे वाक्य मी स्वतः कितीतरी जॉबकार्डांवर (वर्कशॉपमध्ये गाडीची तक्रार आणि केलेलं काम लिहितात त्या कागदांवर) लिहिलंय, आणि पुढं दुसऱ्यांनी लिहिलेलं तेच वाक्य खोडून काढायचंही काम केलंय. दोन्ही बाजूंचं मीठ खाल्लेल्या माणसाचं हे उत्तर आहे, तसंच वाचा.

कोर्टाचं नंतर, आधी हायवेचं. चालत्या गाडीचं इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं, आणि ब्रेकचा बूस्टर साठलेल्या व्हॅक्यूमवर एखाद-दुसऱ्या वेळेलाच साथ देतो. तेव्हा पुन्हा असं झालं तर घाबरून ब्रेक पंप करत बसू नका. एकदाच जोर लावून दाबा आणि धरून ठेवा, चारी इंडिकेटर लावा, गाडी डावीकडं घ्या. गाडी थांबेपर्यंत किल्ली काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होईल. घरच्यांना घेऊन रात्रीचा प्रवास सध्या नकोच.

आणि उद्या सकाळी वर्कशॉपला दोन ओळींचा ईमेल टाका, कंपनीच्या कस्टमर केअरलाही तोच: ‘महामार्गावर चालत्या गाडीचं इंजिन दोन वेळा बंद पडलं आहे. या अवस्थेत ही गाडी चालवणं सुरक्षित आहे, असं आपण लेखी कळवावं.’ खाली चेसिस नंबर, किलोमीटर आणि दोन्ही प्रसंगांच्या तारखा. असं लिहून द्यायला कुणीही धजावत नाही. माझ्या टेबलावर असा कागद आला असता तर मीही दिलं नसतं. मग त्यांना गाडी नीट आत घ्यावी लागते, आणि ती आत असेपर्यंत दुसरी गाडी वापरायला मागायला तुम्हाला जागा मिळते.

आता जॉबकार्ड. तुमच्या चार पानांत शोरूमच्या मॅनेजरनं काय उर्मट उत्तर दिलं याला दीड पान आहे, आणि जॉबकार्डांवर नेमकं काय लिहिलंय याबद्दल एक अक्षर नाही. पुढं आयोगात ते दीड पान कुणी वाचणार नाही. तिथं वाचली जातील ती जॉबकार्डं.

होतं काय, तर तुम्ही काउंटरवर दहा मिनिटं पोटतिडकीनं सांगता. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर मान डोलवतो आणि कॉम्प्युटरच्या यादीतून जवळची ओळ निवडतो: ‘पिकअप कमी’ किंवा ‘इंजिन मिसिंग - चेक’. तुम्ही टॅबवर बोटानं सही करता. संपलं. तुमचं इंजिन महामार्गावर बंद पडलं होतं, ही गोष्ट कागदावर घडलेलीच नाही. वर्षभरानं कंपनीचा वकील तेच कार्ड दाखवून म्हणणार की ग्राहकाची तक्रार पिकअप कमी असल्याची होती, आणि ती दूर करून दिली.

म्हणून पुढच्या वेळी तक्रार घरूनच लिहून न्या आणि म्हणा, हे शब्द जसेच्या तसे घाला, नाहीतर हा कागद कार्डाला जोडा आणि माझ्या प्रतीवर शिक्का द्या. शब्द असे असावेत: ‘गाडी थंड असताना दोष येत नाही. साधारण पंचवीस किलोमीटर चालल्यावर, ७०-८० वेगात, चौथ्या-पाचव्या गियरला, अ‍ॅक्सिलरेटर स्थिर असताना ओढ जाते, दोन-तीन झटके बसतात, पिवळा दिवा लागतो. अमुक तारखांना इंजिन पूर्ण बंद पडलं.’ यात राग नाही, विशेषणं नाहीत. चांगला मेकॅनिक हे वाचून निम्मं निदान करतो. गाडीतला दोष हा तापासारखा असतो, कधी चढतो आणि कधी उतरतो हे सांगता आलं तर डॉक्टरचं काम सोपं.

गाडी परत घेतानाचा घोटाळा याहून मोठा. कार्डाच्या तळाशी ‘कामाबाबत समाधानी आहे’ अशी ओळ असते. हल्ली सहीऐवजी मोबाइलवर ओटीपी येतो. गेटवरचा पोरगा म्हणतो, ‘साहेब, तेवढा ओटीपी सांगा, म्हणजे गेट पास निघतो.’ दोन दिवसांनी फोन येतो, ‘दादा, दहापैकी दहा द्या हं, माझा इन्सेंटिव्ह त्याच्यावर आहे.’ आपण गरीब बिचाऱ्याचं नुकसान नको म्हणून दहा देऊन मोकळे होतो. माझ्या पाहण्यात एक तक्रारदार होते, गिअरबॉक्सच्या आवाजासाठी पाच वेळा वर्कशॉपला गेलेले. सुनावणीत समोरच्यांनी पाचही वेळचे दहापैकी दहा काढून ठेवले. ते आमच्याकडं बघतच राहिले. तेव्हा टेस्ट ड्राइव्ह घेतल्याशिवाय ओटीपी द्यायचा नाही, आणि सही करायची तर शेजारी हातानं लिहायचं: ‘दोष गेला की नाही हे वापरल्यावर कळेल.’ फोन आला तर खरं तेच सांगा. पोराचा इन्सेंटिव्ह बुडाला तर बुडू दे.

वॉरंटीतल्या कामाचं शून्य रुपयांचं बिलही मागून घ्या. कोणता पार्ट बदलला हे त्यात असतं. ‘बिल शून्य आहे, कशाला पाहिजे?’ असं म्हणतील. पाहिजे म्हणावं.

आता निदान. पिवळा दिवा लागला याचा अर्थ इंजिनाच्या कॉम्प्युटरनं दोष टिपलाय. पुढच्या काही फेऱ्यांत तो पुन्हा आला नाही तर दिवा विझतो, पण त्या दोषाचा कोड मेमरीत काही काळ राहतो. त्या कोडबरोबर त्या क्षणाची सगळी कुंडलीही साठवलेली असते: वेग किती, इंजिन किती गरम, आरपीएम किती, लोड किती. तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. वर्कशॉपमध्ये पहिलं काम काय करतात? स्कॅनर लावतात, कोड बघतात आणि ‘क्लिअर’ दाबतात. पंचनाम्याआधीच जागा धुवून काढली. म्हणून गाडी आत देतानाच लेखी सांगा, की कोड आणि फ्रीझ फ्रेम पुसण्याआधी त्याची प्रिंट हवी. प्रिंट नाही म्हणाले तर स्क्रीनचा फोटो काढा. बाजारात स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर मिळतो तो घ्यायला हरकत नाही, फक्त वाचायला. त्यातलं पुसायचं बटण चुकूनही दाबू नका.

तुमच्या वर्णनावरून माझा संशय इग्निशन कॉइल, क्रँक सेन्सर, टाकीतला फ्युएल पंप, नाहीतर एखादा ढिला कनेक्टर किंवा अर्थिंगचा पॉइंट यांवर जातो. गरम झाल्यावरच येणारा आणि येऊन-जाऊन असणारा दोष बहुधा इथंच कुठंतरी असतो. हा अंदाज आहे. गाडी न बघता निदान करणारा माणूस तुमचा मित्र नव्हे. पण थ्रॉटल बॉडी साफ करून हा दोष जाईल असं मला वाटत नव्हतं, आणि ती साफ करणाऱ्यालाही वाटत नसावं.

मग तो का करतो? ही आतली गोष्ट सांगतो. वॉरंटीत बदललेल्या पार्टचे आणि मजुरीचे पैसे डीलरला कंपनीकडून मागावे लागतात. जुना पार्ट सांभाळून ठेवावा लागतो, मागितला की पाठवावा लागतो. तिथं तो चांगला निघाला तर क्लेम नामंजूर, म्हणजे खर्च डीलरच्या खिशातून. त्यामुळे दोष डोळ्यांनी दिसल्याशिवाय महागडा पार्ट उघडायला कुणी तयार नसतं. आधी बिनखर्ची उपाय, सॉफ्टवेअर, साफसफाई, आणि गिऱ्हाईक कंटाळतंय का ते बघायचं. यात दरवेळी बदमाशी असतेच असं नाही. गाडी वर्कशॉपच्या दारात शाळेतल्या शहाण्या पोरासारखी वागते, आणि साताऱ्याच्या एमआयडीसीत दोन किलोमीटरचा फेरा मारून तुमचा पंचवीस किलोमीटरनंतरचा दोष दिसणार कसा? त्यावर उपाय एकच: टेक्निशियनला स्कॅनर लावून शेजारी बसवा आणि तुमच्याच रस्त्यानं उंब्रजपर्यंत जाऊन या, लाइव्ह डेटा रेकॉर्ड करत. नाही म्हणाले तर ‘संयुक्त टेस्ट ड्राइव्हची मागणी केली, नाकारली’ असं ईमेलवर टाका. शेजारी बसलेल्या माणसाला मोबाइलवर मीटर, दिवा आणि आवाज येईल असं चित्रण करायला सांगा. चालवताना स्वतः नको.

आणखी एक विचारा: या तक्रारीसाठी कंपनीचं टेक्निकल बुलेटिन आलंय का? एकाच तुकडीच्या बऱ्याच गाड्यांत सारखा दोष निघाला की कंपनी डीलरांना तसं कळवते, ग्राहकाला मात्र आपणहून कुणी सांगत नाही. कंपनीच्या वेबसाइटवर चेसिस नंबर टाकून रिकॉल (दोषापायी गाड्या परत बोलावणं) आहे का तेही बघा. २०१२ पासून कंपन्या स्वेच्छेनं रिकॉल जाहीर करत होत्या. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम ११०-अ आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून रिकॉलचे नियम लागू झाले. आता सुरक्षेशी संबंधित दोषाच्या पुरेशा तक्रारी आल्या तर सरकार रिकॉल करायला लावू शकतं. चालतं इंजिन बंद पडणं ही तशी तक्रार आहे, सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर ती जरूर नोंदवा.

आता तुमचा मुख्य प्रश्न, गाडी बदलून मिळेल का. खरं सांगायचं तर सहसा नाही. अमेरिकेत अमुक वेळा दुरुस्ती फसली की गाडी परत घ्यावीच लागते असे कायदे राज्याराज्यांत आहेत. आपल्याकडं तसा वेगळा कायदा नाही. आपल्याकडं आहे तो ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा, जुलै २०२० पासून लागू झालेला. त्यात दोष दूर करून देणं, वस्तू बदलून देणं, किंमत परत करणं, नुकसानभरपाई देणं, असे सगळे आदेश आयोग देऊ शकतो. पण मारुती उद्योग विरुद्ध सुशील कुमार गबगोत्रा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००६ साली सांगितलं, की वॉरंटीत कबूल केलंय ते सदोष पार्ट दुरुस्त करणं किंवा बदलणं. क्लचमध्ये दोष निघाला म्हणून अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश टिकत नाही. प्रत्येक कंपनीचा वकील हा निकाल खिशात घेऊन येतो.

दुसरी बाजूही आहे. सी. एन. अनंतराम विरुद्ध फियाट इंडिया या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की स्वतंत्र तज्ज्ञाला गाडीत मूळचा उत्पादनदोष सापडला तर किंमत, आजीवन कर आणि हप्त्यांची रक्कम १२ टक्के व्याजानं परत द्यावी. म्हणजे घोडं पेंड खातं ते तज्ज्ञाच्या अहवालापाशी. पार्ट बदलून जाणारा दोष असेल तर पार्ट मिळेल. वारंवार दुरुस्ती करूनही न जाणारा, मुळातलाच दोष आहे असं सिद्ध झालं तर गाडीचं किंवा पैशाचं बोला.

तुमच्या बाबतीत मी आज ‘गाडी बदला’ असं लिहिणार नाही. तीन वेळा वर्कशॉपला गेलात खरं, पण एकदाही कुणी पार्ट बदललेला नाही. आधी त्यांना खरी दुरुस्ती करायला भाग पाडा. त्यांनी कॉइल, सेन्सर, पंप बदलूनही झटके तसेच राहिले, तर तुमचा दावा आजच्या दहापट जड होईल.

इथं विश्रामबागच्या एका डॉक्टरबाईंची गोष्ट सांगतो. नव्या गाडीत पावसाळ्यात डाव्या बाजूचा पायतळ ओला व्हायचा. तीन जॉबकार्डं, तिन्हींवर ‘वॉटर लीकेज - चेक्ड - ओके’. दर वेळी एसीचा ड्रेन पाइप साफ. बाईंना नवी गाडीच हवी होती, आणि त्यांचा राग रास्त होता. मी वर्कशॉपमध्ये जाऊन कार्पेट उचलायला लावलं, फ्लोअर कोरडा पुसून घेतला आणि साधी टाल्कम पावडर भुरभुरली, पिठासारखी. मग बाहेरून काचेच्या खालच्या भागावर पाण्याचा पाइप सोडला आणि बॅटरी लावून आत बसलो. सात-आठ मिनिटांनी त्या पांढऱ्या पावडरीत एक काळपट रेघ सरकायला लागली, शाईची रेघ ओढावी तशी. तिचा माग काढत वर गेलो, तर चाकाच्या कमानीमागं, पत्र्याच्या दोन तुकड्यांच्या सांध्यावर कारखान्यात सीलंटचा पट्टा मारतात, तो बोटभर सुटला होता. हा शंभर टक्के उत्पादनदोष. आणि त्यावर उपाय म्हणजे बोटभर सीलंट.

पण तोवर कार्पेटखालचे वायरिंगचे कनेक्टर हिरवे पडले होते. आम्ही कंपनीच्या एरिया सर्व्हिस मॅनेजरपुढं ते कनेक्टर आणि तिन्ही जॉबकार्डं ठेवली. फ्लोअरचं वायरिंग आणि कार्पेट नवं मिळालं, वर दोन वर्षांची वाढीव वॉरंटी. बाईंना ते पटायला महिना लागला. मला ती तडजोड योग्य वाटली, आजही वाटते. गाडी अजून त्यांच्याकडंच आहे.

तर पायऱ्या अशा चढा. वर सांगितलं तसं चौथं जॉबकार्ड. काम झालं नाही तर डीलरचा सर्व्हिस हेड आणि कंपनीचं कस्टमर केअर, तक्रार क्रमांक घेऊन. कंपनीच्या एरिया सर्व्हिस मॅनेजरनं स्वतः गाडी बघावी अशी मागणी करा. तो डीलरचा माणूस नसतो, त्याच्या एका होकारानं क्लेमची भीती जाते आणि पार्ट पटकन बदलला जातो. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. ती आदेश देऊ शकत नाही, पण तक्रार कंपनीच्या वरच्या लोकांच्या टेबलावर पोचवते, आणि बरेच वाद तिथंच मिटतात. तरीही हललं नाही तर स्पीड पोस्टानं डीलर आणि कंपनी दोघांना पंधरा दिवसांची नोटीस. कायद्यानं नोटीस सक्तीची नाही, पण तारीखवार सगळं एका कागदावर मांडायची ती चांगली सवय आहे.

मग आयोग. तुम्ही कराडला राहता, म्हणजे साताऱ्याचा जिल्हा आयोग. कंपनीचं ऑफिस गुरुग्रामला असो की चेन्नईला, २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मोजलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच. फी पाच लाखांपर्यंत काही नाही, दहा लाखांपर्यंत २०० रुपये, वीस लाखांपर्यंत ४०० रुपये. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते, वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षं, आणि ईमेल-ईमेल खेळत बसल्यानं ती वाढत नाही. ‘बघतो, करतो’ म्हणत दोन वर्षं काढणारे मी पाहिलेत. कायद्यात निकालासाठी तीन महिने, तपासणी लागणार असेल तर पाच महिने लिहिलेत. प्रत्यक्षात वर्षं लागतात, तेवढी तयारी ठेवूनच जा.

कंपनी आणि डीलर, दोघांनाही पक्षकार करा. एकालाच केलं की तो दुसऱ्याकडं बोट दाखवतो. कंपनी आणि डीलर यांचं नातं बहुधा मालक-नोकराचं नसतं, दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचं असतं, त्यामुळे डीलरच्या लबाडीला कंपनीला आपोआप जबाबदार धरता येत नाही. गोव्यात जुनी गाडी नवी म्हणून विकल्याच्या प्रकरणात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं. मागणी एकच लिहू नका. आधी गाडी बदलून किंवा पैसे परत, ते नाही तर अमुक पार्ट बदलून वाढीव वॉरंटी, आणि दोन्हींत मनस्ताप, टॅक्सीचा खर्च, तक्रारीचा खर्च. एकावरच अडून बसलेला माणूस पुष्कळदा काहीच न घेता परत येतो.

तज्ज्ञाबद्दल. गल्लीतल्या मेकॅनिकच्या लेटरहेडवरचं पत्र चालत नाही, तो कितीही हुशार असो. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ खाली, तपासणीशिवाय कळणार नाही असा दोष असेल तर योग्य प्रयोगशाळेकडून तपासणी मागता येते. तो अर्ज तक्रारीबरोबरच द्या, नंतर नको. खर्च आधी तुम्हालाच भरावा लागतो. आपल्या भागात कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा सांगलीचं वालचंद, तिथल्या मेकॅनिकल विभागातल्या प्राध्यापकाचं नाव सुचवता येतं, नाहीतर आरटीओचे मोटार वाहन निरीक्षक. मोठं प्रकरण असेल तर पुण्याची एआरएआय ही वाहनं तपासणारी संस्था. तपासणी दोन्ही बाजूंना कळवून, दोघांसमोर व्हायला हवी. गुपचूप करून आणलेला अहवाल पहिल्याच उलटतपासणीत गळून पडतो. सगळीकडंच तज्ज्ञ लागतो असंही नाही. एअरबॅग न उघडल्याच्या एका प्रकरणात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की टक्कर किती वेगाची आणि किती जोराची होती याची गणितं मांडणं हे ग्राहकाचं काम नव्हे. पण झटके, आवाज, थरथर यांत तो लागतोच.

हप्ते? थांबवू नका. कर्ज हा तुमचा आणि बँकेचा वेगळा करार, गाडी वाईट निघाली म्हणून तो थांबत नाही. तुम्ही स्वतःच बँकेत आहात, सिबिलचं मी तुम्हाला काय सांगणार. विम्याचंही तेच.

किलोमीटरचा प्रश्न अवघड आहे. तुम्ही वर्षाला तीस हजार किलोमीटर चालवणार, आणि समोरचा म्हणणार की एवढी पळाली म्हणजे गाडी ठणठणीत आहे. उलट गाडी शोरूमच्या दारात टाकून ‘आता तुमची तुम्ही सांभाळा’ म्हटलं, तर पार्किंगचं भाडं लावल्याची पत्रं येतात आणि गाडी उन्हात सडते. मी लोकांना सांगतो, गाडी टाकून येऊ नका. जमलं तर एसटीनं जा, गाडी कमी वापरा, आणि दर झटक्याची नोंद वहीत ठेवा, तारीख आणि किलोमीटर घालून.

तुमच्या पत्रात शेवटी ओझरता उल्लेख आहे की बाहेरून म्युझिक सिस्टीम आणि फॉग लॅम्प बसवलेत. ही ओळ तुम्ही सहज लिहिलीय, पण समोरचा तिथूनच सुरुवात करेल. वायर कापून जोड दिलाय का बघा. दिला असेल तर ते काढून मूळ वायरिंग पूर्ववत करून घ्या, आणि तशी नोंद जॉबकार्डावर आणा. त्यानंतरही झटके आले तर त्यांचं मोठं हत्यार गेलं. आणि खरंच त्या जोडामुळंच होत असेल, तर तेही आत्ताच कळलेलं बरं. शेतातल्या घरांत गाडी लावणाऱ्यांना उंदरांचंही सांगतो. वायर कुरतडलेली निघाली तर तो कंपनीचा दोष नव्हे, विम्याकडं विचारायचं प्रकरण आहे.

गाडी कुणाच्या नावावर आहे तेही बघा. आमच्याकडं बेदाण्याचे, हळदीचे व्यापारी कर वाचवायला गाडी फर्मच्या नावावर घेतात, आणि मग ‘व्यापारी हेतूनं घेतली, हा ग्राहकच नव्हे’ असा आक्षेप येतो. कंपनीनं संचालकाच्या वापरासाठी घेतलेली गाडी व्यापारी हेतूची ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये म्हटलंय. तरी त्या आक्षेपावर वर्ष जातंच. तुमची तुमच्याच नावावर आहे, ही डोकेदुखी नाही.

मेहुण्याला एवढंच सांगा, की मुहूर्त डिलिव्हरीचा पाळावा, तपासणीचा पाळू नये. दसऱ्याच्या दिवशी शोरूममध्ये हार, पेढे आणि फोटो यांच्या गर्दीत कुणाला काही दिसत नाही. गाडी रजिस्टर व्हायच्या आधी, दोन-तीन दिवस अगोदर, दिवसाउजेडी स्टॉकयार्डवर जाऊन बघावी. नंबर पडला की दोष दिसूनही ‘नको’ म्हणता येत नाही. चेसिस नंबर स्वतः उतरवून घ्यावा, आणि फॉर्म २१ वर, म्हणजे विक्रीच्या दाखल्यावर, तोच नंबर आणि सांगितलेलाच उत्पादनाचा महिना-वर्ष आहे का बघावं. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारही टायर आणि स्टेपनी आसपासच्या आठवड्यांतली असावीत. बॉनेट आणि दारांच्या बोल्टांवरचा रंग तडकलेला असेल, किंवा रबरी बीडिंगवर रंगाचे बारीक तुषार दिसले, तर वाहतुकीत लागलेली गाडी रंगवून उभी केलीय असं समजा. रंगाची जाडी मोजणारा मायक्रॉनचा मीटर असणारा कुणी मिळाला तर उत्तम. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो, पुन्हा मारलेला बराच जास्त. सांगलीत २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर मी आणखी एक सवय लावून घेतली: सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायचा आणि स्टेपनीच्या खड्ड्यात हात घालायचा. गाळ कितीही धुतला तरी तिथं राहतो.

तुम्ही आता एक करा. तिन्ही जॉबकार्डांचे दोन्ही बाजूंचे फोटो काढून मला पाठवा. पहिलं कार्ड आधी. त्यात ‘कस्टमर व्हॉइस’ म्हणून एक छोटा रकाना असतो, वरच्या डाव्या कोपऱ्यात नाहीतर मधोमध. तिथं त्या दिवशी कुणी काय टाइप केलंय ते मला बघायचंय.